पित्तनलिकेतला अडथळा: सोनोग्राफीपासून ईआरसीपीपर्यंत कुठली तपासणी कधी, आणि जाताना तयारी काय

गेली १७ वर्षं मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका सेंटरवर सीटी आणि एमआरआयच्या कन्सोलवर बसतो. मी डॉक्टर नाही, रिपोर्ट मी लिहीत नाही. पण मशीनमध्ये जाण्याआधी पेशंटशी शेवटचं बोलणारा आणि काचेपलीकडून त्याची चित्रं सगळ्यात आधी बघणारा माणूस मीच असतो. एक गोष्ट मला सारखी दिसते. पित्तनलिका तुंबलेला पेशंट तीन-चार तपासण्या करून आलेला असतो, नातेवाइकाच्या हातात पिशवीभर कागद असतात, आणि यातली कुठली तपासणी कशासाठी केली हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नसतं. तपासणी म्हणजे डॉक्टरांच्या मनातला एक प्रश्न. तो प्रश्न कळला की पुढची पायरी कळते, तयारी नीट होते आणि उगाच केलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या स्कॅनचे पैसे वाचतात.

आधी तुंबलंय काय, ते समजून घ्या

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. उजव्या आणि डाव्या भागातून एकेक नळी येते, त्या एकत्र होतात, पुढे पित्ताशयाची नळी येऊन मिळते. तिथून खाली जी मुख्य नळी जाते ती सीबीडी. रिपोर्टात हे अक्षर तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसेल. ही नळी स्वादुपिंडाच्या डोक्यातून वाट काढत लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उघडते.

उसाला पाणी पाजणाऱ्याला हे लगेच कळतं. पाटात कुठं ढेकूळ अडकलं की त्याच्या वरचा पाट फुगतो आणि खालची सरी कोरडी पडते. फुगवटा जिथं संपतो तिथं ढेकूळ. पुढच्या सगळ्या तपासण्यांत डॉक्टर हेच शोधत असतात: पाट फुगलाय का, फुगवटा कुठवर आहे, आणि तिथं अडकलंय ते काय? खडा, गाठ, आधीच्या ऑपरेशननंतर आकसलेली नळी, की क्वचित एखादा जंत?

पित्त आतड्यात पोचलं नाही की शी पांढरट, चिकणमातीसारखी होते. तेच पित्त रक्तात साचून लघवीतून बाहेर पडतं, म्हणून लघवी काळ्या चहासारखी होते. अंगाला खाज सुटते, रात्री जास्त. पिवळे डोळे, गडद लघवी, पांढरी शी आणि खाज एकत्र दिसली तर साधी कावीळ समजून थांबू नका.

इथं मला माळेबद्दल बोलायलाच हवं. आमच्या जिल्ह्यात कावीळ झाली की गळ्यात माळ घालतात, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवतात, कुठं नाकात औषध सोडतात. विषाणूमुळे झालेली बरीचशी कावीळ काही आठवड्यांत आपोआप ओसरते, आणि त्याचं श्रेय माळेला मिळतं. अडथळ्याची कावीळ मात्र अशी ओसरत नाही, ढेकूळ पाटातच असतं. माझी आत्या गारगोटीला असते. फोनवर ती मला म्हणाली होती, "माळ घातलीया की, उतरंल आठ दिसांत." मी तेव्हा जोर लावला नाही. ती टेबलावर आली तेव्हा तीन आठवडे उलटले होते आणि खाजवून हातांवर जखमा झाल्या होत्या. माळ घालायची तर घाला, पण त्याच दिवशी रक्त आणि सोनोग्राफी करा.

कुठली लक्षणं दिसली तर थेट हॉस्पिटल गाठायचं

कावीळ, पोटाच्या उजव्या वरच्या बाजूला दुखणं, आणि हुडहुडी भरून ताप. ही तीन एकत्र आली तर तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झालेला असण्याची शक्यता मोठी. पेशंट बरळायला लागला, गळून गेला, बीपी खाली आलं, तर तास मोजायची वेळ असते. सेंटरची अपॉइंटमेंट घेत बसू नका. सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो की खासगी हॉस्पिटल, थेट अपघात विभागात न्या. अँटिबायोटिक आणि सलाईन आधी सुरू होतं, तपासण्या भरती झाल्यावर होतात.

पहिली पायरी: रक्त

हे इमेजिंग नाही, पण याच्याशिवाय इमेजिंगचा अर्थ लागत नाही. लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये एकूण बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं रंगद्रव्य) साधारण १.२ पर्यंत नॉर्मल असतं, डोळे पिवळे दिसायला लागतात ते अडीच-तीनच्या पुढे. अडथळ्यात डायरेक्ट बिलिरुबिन जास्त वाढतं आणि सोबत अल्कलाइन फॉस्फेटेज व जीजीटी चढतात. याच वेळी पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते) करून घ्या, दोन्ही पुढे लागतात. पित्त आतड्यात गेलं नाही तर व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. हे आधी कळलं तर इंजेक्शन देऊन सुधारता येतं. ऐन ईआरसीपीच्या, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून नळी मोकळी करायच्या, सकाळी कळलं तर तारीख पुढे जाते. क्रिएटिनिन सीटीच्या डायसाठी, म्हणजे चित्र उजळावं म्हणून शिरेतून देतात त्या औषधासाठी.

दुसरी पायरी: पोटाची सोनोग्राफी

सुरुवात नेहमी इथूनच. स्वस्त आहे, किरणोत्सर्ग नाही, गरोदर बाईलाही चालते, तालुक्याच्या गावातही होते. प्रश्न एकच: पाट फुगलाय का?

सहा ते आठ तास उपाशी राहायचं, आणि उपाशी म्हणजे खरंच उपाशी. "फक्त च्या घेतला" असं सांगणारे रोज भेटतात. दुधातल्या स्निग्धांशाने पित्ताशय आकसतं आणि आतले खडे नीट दिसत नाहीत. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचा तो ग्लास तपासणी झाल्यावर घ्या. साधं पाणी थोडं चालतं, रोजच्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घेता येतात. चंदगड, आजरा, गगनबावडा या बाजूने पहाटेच्या एसटीने येणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून सकाळची पहिली वेळ मागून घ्या. मधुमेह असेल तर हे तर कराच, आणि उपाशीपोटी साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं की नाही हे आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारा.

रिपोर्ट हातात आला की चार ओळी शोधा. पहिली, सीबीडी किती मिलिमीटर. साधारण ६ पर्यंत नॉर्मल धरतात, पण वयाबरोबर नळी थोडी रुंदावते आणि पित्ताशय काढलेल्यांत १० पर्यंतही निरोगी असू शकते. सत्तरीतल्या, पित्ताशय काढलेल्या बाईच्या रिपोर्टात ८ दिसलं आणि रक्त नॉर्मल असेल, तर फक्त त्या आकड्याने घाबरायचं कारण नाही. दुसरी ओळ आयएचबीआर, म्हणजे यकृताच्या आतल्या बारीक नळ्या. त्याही फुगल्या असतील तर अडथळ्याची शंका पक्की होत जाते. तिसरी ओळ पित्ताशयाची. त्यात खडे असतील तर नळीतही खडा उतरला असण्याची शक्यता वाढते. पण पित्ताशय मोठं, ताणलेलं आणि दुखणं काहीच नाही, असं असेल तर डॉक्टर खड्याआधी गाठीचा विचार करतात.

चौथी ओळ लोक वाचतच नाहीत: सीबीडीचं खालचं टोक आतड्यातल्या गॅसमुळे दिसलं नाही. ही ओळ फार महत्त्वाची आहे, कारण खडे बहुतेक वेळा त्याच टोकाला अडकतात. पित्ताशयातले खडे सोनोग्राफी फार उत्तम पकडते, नळीतले मात्र बऱ्याचदा सुटतात. सोनोग्राफीत खडा दिसला नाही म्हणजे खडा नाही, असा अर्थ काढू नका. हे वाक्य मी आजवर किती नातेवाइकांना सांगितलं असेल, मोजदाद नाही.

इथून वाटा फुटतात

सोनोग्राफी आणि रक्त हातात आलं की गॅस्ट्रोचे डॉक्टर किंवा सर्जन ठरवतात. नळीत खडा स्पष्ट दिसला, किंवा थंडीताप असलेली कावीळ आहे, किंवा बिलिरुबिन ४ च्या वर आणि नळीही फुगलेली, तर बहुतेकदा थेट ईआरसीपीकडे जातात. शंका मधली असेल, म्हणजे रक्तात बिघाड आहे किंवा नळी थोडी रुंद आहे पण खडा दिसत नाही, तर एमआरसीपी किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी. आणि वय झालेलं, न दुखणारी वाढत जाणारी कावीळ, वजन घटलेलं, असं चित्र असेल तर सीटी आधी. डॉक्टरांना सरळ विचारा, "यांच्यात खड्याची शंका जास्त आहे की गाठीची?" त्या उत्तरावर पुढचा अर्धा प्रवास ठरतो.

एमआरसीपी: माझ्या टेबलावरची तपासणी

एमआरसीपी म्हणजे एमआरआयच, पण अशा पद्धतीने काढलेला की स्थिर द्रव पांढराशुभ्र उठून दिसतो आणि बाकी सगळं काळं पडतं. पित्त हाच द्रव, म्हणून पित्तनलिकांचं झाड डाय न देताच समोर उभं राहतं. हे तंत्र १९९१ मध्ये पहिल्यांदा मांडलं गेलं. त्याआधी असं चित्र हवं तर दुर्बीण घालून किंवा सुई टोचून नळीत डाय भरावा लागे.

खडा असेल तर पांढऱ्या नळीत काळा ठिपका दिसतो. गाठ असेल तर नळी अचानक तुटल्यासारखी थांबते. अडथळा नेमका कुठं, उजवी-डावी नळी मिळते तिथं की अगदी खाली, हे इथं जसं कळतं तसं सोनोग्राफीत कळत नाही. पाच मिलिमीटरपेक्षा बारीक खडा मात्र इथंही सुटू शकतो. नुकतीच ईआरसीपी झाली असेल किंवा स्टेंट (पित्तनलिका उघडी ठेवायला आत बसवलेली बारीक नळी) असेल तर नळीत हवा शिरलेली असते, आणि हवेचा बुडबुडाही काळाच दिसतो. हवा वर तरंगते, खडा खाली बसतो, यावरून रेडिओलॉजिस्ट फरक करतात. पण त्यांना आधी माहीत असायला हवं. आधी काही झालं असेल तर ते आल्या आल्या सांगा.

तयारी: चार ते सहा तास उपाशी. पोटातलं पाणीही पांढरं चमकतं आणि नळीवर झाकण घालतं, म्हणून. काही ठिकाणी तपासणीआधी अननसाचा रस पाजतात. त्यात मँगनीज असतं आणि त्यामुळे जठर-आतड्यातला द्रव चित्रात काळा पडतो. रस दिला तर बुचकळू नका, तो तपासणीचाच भाग आहे.

अंगावरचं सगळं काढायचं. मंगळसूत्र, कोल्हापुरी साज, जोडवी, केसातल्या पिना, कानातलं मशीन, कवळी, खिशातली नाणी. बायकांना मंगळसूत्र काढायला जड जातं हे मी रोज बघतो, म्हणून ते घरूनच काढून ठेवून या, किंवा विश्वासाचं माणूस सोबत आणा. पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीची क्लिप, कानात बसवलेलं इम्प्लांट, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण: यातलं काही असेल तर फोनवरच सांगा. उद्यमनगरात लेथवर किंवा ग्राइंडरवर काम केलेल्यांना मी हा डोळ्याचा प्रश्न दोनदा विचारतो. पित्ताशयाच्या ऑपरेशनमधल्या टायटॅनियमच्या क्लिपा सहसा चालतात, तरी सांगायच्याच.

आणि आता श्वास. चित्र खराब होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. माइकवरून सूचना येते: श्वास घ्या, सोडा, थांबा. मग पंधरा ते वीस सेकंद तसंच थांबायचं. पोट हललं की नळी धूसर, आणि मग तीच चित्रं पुन्हा. आदल्या रात्री घरी झोपून घड्याळ लावून आठ-दहा वेळा सराव करा. साठीच्या पुढच्या माणसांकडून तर करून घ्याच. माझ्या आत्याला मी टेबलावर झोपवण्याआधी बाकावर बसवून तीनदा करायला लावलं आणि तिची चित्रं पहिल्या फेरीत स्वच्छ आली. एकूण वेळ वीस ते चाळीस मिनिटं. ठकठक आवाज मोठा असतो, कानात बोळे देतात, हातात रबरी फुगा देतात. घाबरलात तर दाबा, आम्ही लगेच बाहेर घेतो. बंद जागेची भीती असेल तर लाजू नका, आधी सांगा.

सीटी: गाठीची शंका असेल तेव्हा

नळीतले पुष्कळसे कोलेस्टेरॉलचे खडे सीटीत पित्तासारखेच दिसतात आणि हरवून जातात, म्हणून खडा शोधायला सीटी ही पहिली पसंती नाही. तिचं खरं काम गाठीचं. स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ आहे का, जवळच्या रक्तवाहिन्यांना ती चिकटली आहे का, यकृतात पसरली आहे का, ऑपरेशनने काढता येईल का? त्यासाठी शिरेतून आयोडीनचा डाय देऊन ठरावीक सेकंदांनी दोन वेळा स्कॅन करतात: एकदा स्वादुपिंड उजळतं तेव्हा, एकदा यकृत उजळतं तेव्हा. चिठ्ठीवर 'पॅनक्रियाटिक प्रोटोकॉल' लिहिलंय का ते बघा. नुसतं 'सीटी ॲबडोमेन' लिहिलेलं असेल आणि शंका गाठीची असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. एकाच फेरीत काढलेली साधी सीटी नंतर सर्जनला पुरत नाही आणि पेशंट आठवड्याने पुन्हा डाय घ्यायला येतो.

डायआधी क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट, पूर्वी डायची ॲलर्जी झाली असेल तर ती, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर ती, हे तीन सांगायचं. किडनी कमजोर असेल तर मेटफॉर्मिन काही काळ थांबवायला सांगतात. डाय जाताना अंगभर गरम लाट येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. ते नॉर्मल आहे. घशात खवखव, अंगावर गांध किंवा दम लागला तर लगेच हात वर करा.

एक गोष्ट मी तळमळीने सांगतो. गाठीची शंका असेल तर स्टेंट टाकण्याआधी सीटी झाली पाहिजे. स्टेंटमुळे नळीभोवती सूज येते, चित्रात त्याची चमक येते आणि गाठीची कड पुसट होते. गेल्या वर्षी राधानगरीकडचे एक मामा आले. कावीळ घाईने उतरवायची म्हणून आधी स्टेंट, मग सीटी. सर्जनला हवी ती रेषा चित्रात मिळाली नाही आणि पुढचा निर्णय लांबला. संसर्ग झालेला असेल तर थांबता येत नाही, हे खरं. पण पेशंट स्थिर असेल तर "आधी सीटी, मग स्टेंट करता येईल का?" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

एंडोस्कोपिक सोनोग्राफी

दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा प्रोब. तो तोंडातून लहान आतड्यापर्यंत नेतात, नळी तिथून अगदी हाताशी असते आणि गॅस आड येत नाही. एमआरसीपीत सुटलेला बारीक खडा इथं सापडतो, आणि गाठ असेल तर त्याच वेळी सुईने तुकडा घेता येतो. गुंगीचं औषध देतात, सोबत माणूस लागतो, त्या दिवशी गाडी चालवायची नाही. सगळीकडे होत नाही. आपल्याकडे ही सोय असलेलं हॉस्पिटल डॉक्टर सांगतील, कधी मिरजेला पाठवतील.

ईआरसीपी: चित्र काढायला नव्हे, मोकळं करायला

१९६८ मध्ये हे पहिल्यांदा केलं गेलं तेव्हा नळीचं चित्र काढणं हाच उद्देश होता. १९७४ पासून दुर्बिणीतूनच नळीचं तोंड कापून खडा काढता येऊ लागला. आज एमआरसीपी असताना नुसत्या निदानासाठी ईआरसीपी करू नये, असं मानलं जातं, कारण तिला धोका आहे. शंभरात साधारण तीन ते दहा जणांना नंतर स्वादुपिंडाची सूज येते. ती कमी व्हावी म्हणून बऱ्याच ठिकाणी गुदद्वारातून डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिनची वडी देतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आठवडाभर आधी सांगा, मनाने बंद करू नका. घरी आल्यावर पोटात जोराचं दुखलं, ताप आला किंवा काळी शी झाली तर रात्र असली तरी परत जा.

अडथळा अगदी वर, यकृताच्या तोंडाशी असेल तर खालून दुर्बीण बऱ्याचदा पुरत नाही. तेव्हा सोनोग्राफीखाली बरगड्यांमधून सुई घालून यकृतातल्या नळीत ट्यूब बसवतात, तिला पीटीबीडी म्हणतात. ट्यूबला पिशवी असते. तिच्यात रोज किती पित्त आलं ते वहीत लिहा. अचानक थांबलं तर कळवा.

तान्हं बाळ असेल तर

जन्मानंतर १४ दिवस उलटले, बाळ अजून पिवळं आहे आणि शी पांढरट आहे, तर उन्हात धरून वाट बघू नका. पित्तनलिका जन्मतःच बुजलेल्या असू शकतात. सोनोग्राफी आणि रक्त लगेच, गरजेप्रमाणे हिडा स्कॅन. यात शिरेतून दिलेलं औषध यकृतातून आतड्यात उतरतं का ते बघतात. ऑपरेशनचा निकाल ६० दिवसांच्या आत चांगला लागतो, म्हणून एकेक दिवस मोलाचा. हाच स्कॅन पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर पित्त गळतंय का हे बघायलाही वापरतात.

कागद आणि पैसे

फिल्म, सीडी आणि रिपोर्ट हे तिन्ही घ्या. नुसता रिपोर्ट नेलात तर दुसरा डॉक्टर चित्र बघू शकत नाही आणि स्कॅन पुन्हा होतो. मोबाइलमध्ये फिल्मचा फोटो काढून भागत नाही. सगळं तारखेप्रमाणे लावून एका फाइलमध्ये ठेवा, सर्वांत वर आधीच्या ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या. योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात. भरती होण्याआधी त्यांना भेटून यातलं काय योजनेत बसतं ते विचारा. बाहेर खासगीत पैसे भरून केलेल्या तपासणीचा परतावा मिळेल असं गृहीत धरू नका.

स्टेंटची तारीख

प्लास्टिकचा स्टेंट कायमचा नसतो. साधारण तीन महिन्यांत तो तुंबतो, म्हणून काढायचा किंवा बदलायचा असतो. कावीळ उतरते, भूक लागते, माणूस शेतात कामाला लागतो आणि स्टेंट विसरला जातो. मग सहा-आठ महिन्यांनी थंडीताप घेऊन परत येतो. डिस्चार्जच्या दिवशी विचारा: स्टेंट प्लास्टिकचा की धातूचा, आणि परत कधी यायचं? ती तारीख घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. आत्याच्या कॅलेंडरवर ती मी स्वतः जाऊन लिहिली, आणि तिच्या आदल्या आठवड्यात फोन करण्याचं काम माझ्याकडे ठेवलं.